आपल्याच पेशी

“अंगात जे लढून राहिलं, तेच मारून टाकाल तर उरलं काय? नाही. ते औषध द्यायचं नाही.”

मी हे बोलले तेव्हा डॉक्टर मेश्राम माझ्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. तोंडावर हिरवा मास्क, हातात एक्स-रेची काळी फिल्म. उजव्या अंगाला आमचे हे, देवराव, पलंगाची लोखंडी कड दोन्ही हातांनी धरून. त्यांनी दाढी केलेली नव्हती आणि शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात होतं.

“नीट विचार करा,” डॉक्टर म्हणाल्या. “पण फार वेळ नाही आपल्याकडे.”

“विचार झाला. नाही म्हणजे नाही.”

माझा आवाज कापला नाही. गावात सभेला बोलते तसा खणखणीत निघाला.  देवरावांनी आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खाली मान घातली.

त्या आजारपणातली एवढी एकच गोष्ट मला स्वच्छ आठवते. शब्दन् शब्द. बाकी सगळा गाळ आहे, हात घातला की ढवळतो आणि काहीच हाती येत नाही.

मी तेव्हा लाखनी तालुक्यात कृषी सहायक होते. भंडारा जिल्ह्यातला हा भाग तळ्यांचा आणि धानाचा. दिवाळीच्या आधी धान लोंबीवर येतं, तेव्हा तुडतुडा पडला का, करपा आला का, हे पाहत बांधाबांधानं हिंडायचं हे माझं काम. गवत गुडघ्याच्या वर. साडी खोचून, पायात बूट घालून मी सगळीकडे जायची. घरातही तसंच. कोणता निर्णय घ्यायचा, मुलीला कुठे शिकायला ठेवायचं, भिंत कुठे पाडायची, सगळं मी ठरवायची आणि देवराव हाव म्हणायचे. ते पोस्टात काउंटरवर होते. कोणाशी आवाज चढवून बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. लोक म्हणत, हेडाऊ बाईच्या घरात हेडाऊ साहेब भाड्यानं राहतात. ते ऐकून हे हसायचे.

त्या वर्षी मला ताप आला. आधी वाटलं, ऊन लागलं. मग डोकं असं दुखायला लागलं की उजेड सहन होईना. गावच्या डॉक्टरांनी मलेरियाचं औषध दिलं, मग टायफॉइडचं. ताप हलेना. डोळे पिवळे दिसायला लागले, धाप लागायला लागली, तेव्हा देवरावांनी मला नागपूरला नेलं. तिथे तपासताना डॉक्टर मेश्राम यांना माझ्या गुडघ्यामागे एक छोटी काळी खपली सापडली, विडीचा चटका बसल्यासारखी. मला ती कधी जाणवलीही नव्हती. गवतात एक बारीक किडा असतो, डोळ्यांना धड दिसतही नाही, त्याच्या चाव्यातून हा ताप येतो, असं त्यांनी सांगितलं. औषध आहे, साधं आहे, बहुतेक लोक दोन-तीन दिवसांत उठून बसतात.

हे ऐकून देवराव माझ्याकडे पाहून हसले, तेवढं आठवतं. मी उठून बसले नाही.

त्यानंतर मी एका धानगिरणीत होते. खोटं वाटेल, पण मला तसंच वाटत होतं. डोक्याशी यंत्र चालू होतं, एका लयीत हवा ओढायचं आणि सोडायचं, आणि मी स्वतःशी म्हणत होते की कोंडा भरून राहिला इथे, म्हणून श्वास येत नाही. छतातून धान उलटं लोंबत होतं. त्यावर तुडतुडा पडलेला दिसत होता आणि मला कोणाला तरी सांगायचं होतं की फवारणी करा, पण तिथल्या बाया ऐकत नव्हत्या. पांढऱ्या कपड्यांतल्या त्या बाया माझ्या अंगावर सुपं पाखडत होत्या. त्यांनी माझे हात बांधले होते. मी धान चोरलं असा त्यांचा समज झाला असावा, हेही मी ठरवून टाकलं होतं.

आणि एक माणूस यायचा. तो देवरावांचा शर्ट घालायचा. त्यांचाच चष्मा, त्यांचीच चाल. “मंदाकिनी,” असं हळू म्हणायचा. मला कळत होतं की हा देवराव नाही. कोणीतरी फार नीट शिकवून पाठवलेला माणूस आहे. तो माझ्या कपाळावर हात ठेवायचा, तेव्हा मी डोळे घट्ट मिटून घ्यायची. माझा माणूस कुठे आहे आणि हे लोक माझं काय करणार आहेत, याचा विचार करून करून मी थकून जायची. मध्येच शब्द कानावर पडायचे. जंतू मेले. पेशी खाऊन राहिल्या. स्वतःच्याच. कॅन्सरचं औषध. कोणाला कॅन्सर झाला, हे मला कळत नव्हतं.

माझा मोठा भाऊ मनोहरदादा देवरीहून धावत आला होता म्हणे, रोज माझ्या उशाशी उभा राहायचा. तो मला अजिबात आठवत नाही.

पण ते ‘नाही’ आठवत होतं. त्या सगळ्या गिरणीत आणि कोंड्यात तेवढाच एक प्रसंग धुतल्यासारखा. तिथे डॉक्टर डॉक्टरच होत्या, देवराव देवरावच होते, आणि मी मी होते.

घरी आले तेव्हा मला ताट उचलवत नव्हतं. चेहरा सुजून गोल झाला होता आणि केस कंगव्यात पुंजक्यांनी येत होते. मुलगी, अश्लेषा, कॉलेज सोडून महिनाभर घरी राहिली. तिनंच मला न्हाऊ घालताना सांगितलं की केस त्या औषधानं गेले, परत येतील.

“कोणत्या औषधानं?”

“ते कॅन्सरचं न. आणि स्टेरॉइड. तू वाचलीस ती त्यानंच, आई.”

ती कॉलेजला परत गेली त्या दिवशी, दुपारी, देवराव पडवीत मटार सोलत बसले होते. मी भिंत धरत धरत त्यांच्यासमोर जाऊन बसले.

“मी नाही म्हटलं होतं न?”

त्यांनी वर पाहिलं. “कशाला?”

“त्या औषधाला. तुमच्यासमोर, डॉक्टरांसमोर. मी नाही म्हटलं होतं. तरी दिलं तुम्ही.”

त्यांच्या हातात शेंग तशीच राहिली. मला वाटलं ते म्हणतील, तू गुंगीत होतीस, तुला काय कळत होतं. मी त्याचं उत्तर तयार ठेवलं होतं. पण ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले, घाबरलेल्या माणसासारखे.

“तुला आठवते ते?”

“सगळं आठवते.”

त्यांनी मान हलवली. “हाव,” ते म्हणाले. “दिलं मी.”

“काहून?”

“दुसरं काही सुचलं नाही.”

एवढंच. ना खुलासा, ना माफी. मी उठून आत गेले आणि पडून राहिले. मला राग आला होता की आणखी काही, ते धड समजत नव्हतं. राग यावा, तर मी जिवंत होते ती त्यांनी माझं ऐकलं नाही म्हणून. उपकार मानावेत, तर ज्या माणसानं कधी माझ्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नाही, त्यानं नेमकं माझ्या जिवाच्या गोष्टीत ते टाकलं होतं. माझे हात बांधलेले असताना.

थोडी ताकद आल्यावर आम्ही तपासणीसाठी नागपूरला गेलो. डॉक्टर मेश्राम मला पाहून खुर्चीतून उठल्या. मास्क नसताना त्या फारच तरुण दिसत होत्या, आमच्या अश्लेषाहून फार मोठ्या नसाव्यात. मी त्यांना म्हटलं, “मला एकदा नीट सांगा, मला झालं काय होतं. तुकडे तुकडे माहीत आहेत, ते जुळत नाहीत.”

त्यांनी कॉम्प्युटरवर एक चित्र उघडलं. गुलाबी-जांभळे ठिपके. मधोमध एक मोठी, पसरट पेशी, आणि तिच्या पोटात बारक्या गोल पेशी, पिशवीत बोरं भरावीत तशा.

“हे तुमच्या हाडातल्या मगजाचं आहे. कमरेतून काढलं होतं आपण. ही मोठी दिसते न, ती रक्षण करणारी पेशी. हिचं कामच गिळायचं. जंतू आला की ती त्याला गिळते आणि बाकीच्यांना निरोप धाडते, या, मदतीला या. त्या येतात, त्याही निरोप धाडतात. ताप येतो तो त्यामुळेच. काम झालं की थांबायचं असते.”

“मग?”

“तुमच्या थांबल्या नाहीत. गवतातला जंतू आपल्या औषधानं संपला होता, पण त्या एकमेकींना बोलावतच राहिल्या. फुप्फुसात पाणी भरलं, यकृत सुजलं. आणि इथे,” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, “त्या तुमच्याच रक्ताच्या पेशी खायला लागल्या. रोज रक्त देत होतो आम्ही, रोज कमी होत होतं.”

मी त्या पेशीकडे पाहत राहिले. “ही माझीच?”

“तुमचीच.”

“हिनंच आधी जंतूही मारले?”

“हिच्यासारख्यांनीच. अशा बेफाम पेशींना आवरायलाच ते कॅन्सरचं औषध, तुम्हाला कॅन्सर नसतानाही.”

“म्हणजे तुम्ही ते औषध दिलं, त्यानं माझं चांगलं मारलं का वाईट?”

डॉक्टरांनी पडद्यावरून बोट काढलं. “दोन्ही. वेगळं काढता येत नाही, मावशी. म्हणून तर अवघड होतं. पेशी दाबल्या आणि दुसरा एखादा जंतू शिरला तर लढायला कोणी नाही. नाही दाबल्या तर त्याच तुम्हाला संपवणार. खरं सांगू, मलाही खात्री नव्हती. मी साहेबांना तसं सांगितलं होतं.” त्यांनी देवरावांकडे पाहिलं. “यांनी हो म्हटलं, आणि सुरू केलं.”

“पण माझ्याच अंगात काहून? त्याच बांधांवर बाकीचे पण हिंडतात.”

“ते अजून कोणालाच नीट माहीत नाही.”

देवराव शेजारी बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून. त्यांच्यासमोर मला डॉक्टरांना पुढचं विचारायची लाज वाटली. मी नाही म्हटलं तेव्हा तुम्ही तिथेच उभ्या होत्या न, असं विचारायचं ओठांवर आलं होतं. ते मी गिळून टाकलं.

पुढची चार-पाच वर्षं आम्ही एका घरात राहिलो, जेवलो, मुलीचं लग्न केलं. पाहणाऱ्याला काही वेगळं दिसलं नसतं. मी परत बांधांवर जायला लागले, आता पायांना औषध चोळून. पण घरात मी काही ठरवेनाशी झाले. देवराव विचारायचे, “भाजी कोणती आणू?” मी म्हणायची, “विचारून काय करता, तुम्हाला आणायची तीच आणाल.” ते आणायचे. अश्लेषासाठी मुलगा पाहायला गेलो, तर मी म्हटलं, “यांना विचारा, हेच शेवटी ठरवतात.” सगळ्यांना ते बायकोनं केलेलं नवऱ्याचं कौतुक वाटलं. देवरावांना कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर एक सावली यायची आणि जायची. उलट एक शब्द नाही. मला वाटायचं, एकदा तरी म्हणावं यांनी, हाव, दिलं, आणि बरं केलं. तेही म्हणत नव्हते. मी त्यांना कशाची शिक्षा देत होते ते मला सांगता आलं नसतं, आणि ते ती कशासाठी भोगत होते तेही मला कळत नव्हतं.

मग देवरीची ती दुपार आली.

मनोहरदादाचं देवरीला औषधांचं दुकान होतं, आता ते त्याचा मुलगा पाहायचा. दादाचा स्वभाव मोठा, आवाज मोठा. औषधं विकून विकून आपण निम्मे डॉक्टर झालो असं त्याला वाटायचं. त्याच्या हातांच्या सांध्यांना सूज येते, बोटं वाकडी होत चालली, असं वहिनीनं फोनवर सांगितलं, म्हणून आम्ही भेटायला गेलो. जेवणं झाली. देवराव दादाच्या मुलाबरोबर दुकानाकडे गेले. वहिनी आत आवरत होती. दादा दिवाणावर बसून एक पाकीट उघडायला लागला. बोटांनी जमेना, तेव्हा मी ते उघडून गोळी त्याच्या तळहातावर ठेवली.

“काय आहे हे?”

“स्टेरॉइड.” तो पाण्याबरोबर गोळी गिळून हसला. “संधिवात आहे म्हणते डॉक्टर. अंगातल्याच पेशी सांध्यांवर उठल्या म्हणते. त्यांना दाबून ठेवायचं. आता पाह्य, मंदा, तुझ्या वेळेस मी काय आकांडतांडव केलं होतं, आणि आता मीच रोज सकाळ-दुपार गिळून राहिलो.”

“कसलं आकांडतांडव?”

“तुला कोणी सांगितलं नाही? देवरावजींनी?” तो जरा ओशाळला. “मी त्या पोरीला, त्या डॉक्टरणीला, लय बोललो होतो बापा. तुझ्या उशाशी उभा राहून. म्हटलं, अंगात जे लढून राहिलं, तेच मारून टाकाल तर उरलं काय? नाही, ते औषध द्यायचं नाही. ती म्हणे, नीट विचार करा, फार वेळ नाही. मी म्हटलं, विचार झाला. नाही म्हणजे नाही.”

माझ्या हातातलं रिकामं पाकीट चुरगळलं गेलं.

“ते मी म्हटलं होतं,” मी म्हणाले.

“काय?”

“हे जे तू आता बोललास. ते मी बोलले होते, दादा. डॉक्टर पायथ्याशी होत्या. हे उजव्या बाजूला होते.”

“हाव, तसेच उभे होते. आणि मी डाव्या बाजूला, तुझ्या डोक्यापाशी.” तो माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहत होता. “तू कशी बोलशील? तुझ्या घशात नळी होती. आठवडाभर होती. त्या मशीनवर होतीस तू. नळी टाकल्यावर तर हाडातला मगज काढला, आणि मग त्या औषधाची गोष्ट निघाली.”

“नळी नंतर टाकली.”

“आधी टाकली, मंदा. मी स्वतः तिथे होतो.”

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, पाणी देऊ का. मला पाणी नको होतं. मी मनातल्या मनात तो प्रसंग परत उभा केला. डॉक्टरांचा मास्क, एक्स-रेची फिल्म, शर्टाचं चुकलेलं बटण. सगळं जागच्या जागी होतं. मग माझा आवाज ऐकायचा प्रयत्न केला. खणखणीत, ठाम, जराही न कापणारा. इतकी वर्षं मला त्या आवाजाचा अभिमान वाटत होता. तो पुरुषाचा आवाज होता, हे मला आता ऐकू आलं. डाव्या बाजूनं, माझ्या डोक्यावरून येत होता.

“मग देवरावजींनी तुला हे सांगितलं नाही कधी?” दादानं विचारलं.

“नाही.”

“भला माणूस. मी नंतर किती दिवस त्यांच्याशी बोललो नाही. म्हटलं, बहिणीचं काही झालं तर तुम्हाला सोडणार नाही. ते म्हणाले, नका सोडू.”

परतीच्या बसमध्ये आम्हाला मागची जागा मिळाली. उन्हं कलली होती. साकोलीपर्यंत मी समोरच्या सीटचा दांडा धरून बसले. देवरावांनी दोनदा विचारलं, तब्येत ठीक आहे न. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, “मी नाही म्हटलंच नव्हतं.”

त्यांना लगेच समजलं. त्यांनी हातातली पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले.

“दादानं सांगितलं. ते शब्द त्याचे होते. माझ्या घशात नळी होती. मी बोलूच शकत नव्हते, आणि हे तुम्हाला माहीत होतं. पडवीत मी विचारलं तेव्हाच म्हणायचं होतं, बाई, तू एक शब्द बोलली नाहीस. काहून नाही म्हटलं? मी तुम्हाला इतकी वर्षं टोचत राहिले आणि तुम्ही ऐकत राहिले.”

 बाहेर कापलेल्या धानाच्या बांध्या, खाचरामागून खाचर, मागे पडत होत्या.

“तू बोलली नाहीस,” शेवटी ते म्हणाले. “पण मी तुला विचारलं होतं.”

“केव्हा?”

“मनोहरजी रागावून बाहेर निघून गेले, तेव्हा. डॉक्टरीण म्हणाल्या, तुम्ही पाच मिनिटं घ्या. मी काय घेऊ पाच मिनिटं? आजपर्यंत मी कधी काही ठरवलं होतं? मी तुझ्या कानाशी वाकलो. म्हटलं, मंदाकिनी, देऊ का औषध? तू डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. आणि मान हलवली. अशी.” त्यांनी मान इकडून तिकडे हलवली, अगदी थोडी. “दोनदा.”

मी त्यांच्या मानेकडे पाहत राहिले.

“मी डॉक्टरणीला सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या गुंगीत आहेत, नळी टोचते, त्याचा काही अर्थ धरू नका. मी म्हटलं, बरं. आणि हो म्हणून टाकलं. पण मी पाहिलं होतं न, मंदाकिनी. माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मनाला समजावत होतो की नळीमुळे असेल. मग तू घरी आली आणि म्हणाली, मी नाही म्हटलं होतं, मला सगळं आठवते. मला वाटलं, संपलं. म्हणजे तिला कळत होतं. कळत असून ती नाही म्हणाली, आणि मी तिचे हात बांधलेले असताना ते दिलं.” त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसताच हातात धरला. “तू टोचत होतीस ते बरोबरच होतं.”

मी डोळे मिटले. गिरणी आली. कोंडा आला. छतातलं धान आलं. देवरावांचा शर्ट घातलेला तो माणूस आला, कानाशी वाकला, काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते ऐकू येईना. मी मान हलवली का, तेही दिसेना. हलवली असेल तर त्याला, तू माझा माणूस नाहीस, असं म्हणत असेन. किंवा नळी टोचत असेल. किंवा खरंच नाही म्हणत असेन. मी परत परत खाली हात घातला, आणि दरवेळी नुसता गाळ वर आला.

डोळे उघडले तेव्हा ते माझ्याकडे पाहत होते. पडवीत पाहिलं होतं तसेच.

“ते नाही नव्हतं,” मी म्हणाले.

“तुला आठवते?”

“हाव.”

“मग काय होतं?”

“मला नका विचारू, असं होतं. या वेळी तुम्ही ठरवा.”

त्यांनी चष्मा दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, “नक्की?”

“नक्की.”

त्यांनी चष्मा खिशात टाकला आणि खिडकीकडे तोंड केलं. त्यांचा खांदा हलत होता की बस हलत होती, हे मी पाहायला गेले नाही. त्यानंतर आम्ही कधी त्या गोष्टीचा शब्द काढला नाही. मी खोटं बोलले असेन. खरंही बोलले असेन. त्यांनी विचारलं होतं आणि मी काहीतरी उत्तर दिलं होतं, एवढंच धरून बसता येतं. मला ते पुरतं.

लाखनी आली तेव्हा त्यांना गाढ झोप लागली होती. डोकं माझ्या खांद्यावर कललं होतं. दिवसाउजेडी झोपलेलं मी त्यांना लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं. कंडक्टरनं मागे वळून विचारलं, “बाई, लाखनी न तुमची?”

मी म्हटलं, “राहू द्या. पुढे भंडाऱ्याला उतरतो.”